रेफ्रीची शेवटची मॅच: आइस हॉकीतले पंच कधी आणि का थांबतात?

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप. बोलताना केलेले 'अं', 'म्हणजे' आणि मध्ये वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये, बसमध्ये, जिममध्ये, भांडी घासताना, जिथे कुठे ऐकताय तिथे आरामात ऐका. आजचा विषय थोडा लांबचा आहे. बर्फावरचा. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ कधी पूर्ण पाहिलेलाही नसेल. पण शेवटपर्यंत थांबा, कारण विषय खेळाचा कमी आणि नोकरीचा जास्त आहे.

झालं असं की आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट टोरंटोचा. त्यांच्या सकाळी म्हणजे आपल्या संध्याकाळी कॉल असतो. पहिली पाच मिनिटं कामाचं कुणी बोलत नाही, काल रात्रीची हॉकी चालते. आपल्याकडे आयपीएलच्या दिवसांत चालतं तसंच. आणि दर कॉलला एक गोष्ट ठरलेली: रेफ्रीला शिव्या. एकदा मी विचारलं, "हे रेफ्री किती वर्षं काम करतात हो?" तर पलीकडून उत्तर आलं, "खूपच जास्त!" सगळे हसले. पण मी त्या रात्री शोधत बसलो, आणि दोन वाजले तरी उठलो नाही.

## आधी बर्फावर कोण कोण असतं ते समजून घेऊ

एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग. अमेरिका आणि कॅनडातली ही लीग, सध्या ३२ संघ. मैदान २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, म्हणजे घड्याळाचा खेळ ६० मिनिटांचा. चेंडूऐवजी पक, म्हणजे कडक रबराची जाड चकती, वजन साधारण १७० ग्रॅम. जोरात मारली की ताशी १६० किलोमीटरच्या वर जाते.

या सगळ्याच्या मध्ये चार माणसं पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून फिरत असतात. दोघं रेफ्री, त्यांच्या दंडावर केशरी पट्टी असते. फाउल देणं, गोल ठरवणं, खेळाडूला बाहेर बसवणं हे त्यांचं काम. आणि दोघं लाइन्समन. ऑफसाइड बघायची, पक टाकून खेळ सुरू करायचा, आणि दोन खेळाडू हातघाईवर आले की मध्ये घुसून त्यांना सोडवायचं, हे त्यांचं काम. हो, आइस हॉकीत मारामारी होते, आणि शेवटी मध्ये पडणारा माणूस लाइन्समन असतो.

आता क्रिकेटच्या अंपायरशी तुलना करा. स्टीव्ह बकनर आठवतात ना? सचिनच्या पिढीला तर ते विसरताच येणार नाहीत. बकनर १२८ कसोटींत उभे राहिले आणि २००९ मध्ये, वयाच्या साठीनंतर थांबले. पण 'उभे राहिले' हा शब्द बघा. क्रिकेटचा अंपायर उभा असतो. हॉकीचा रेफ्री उभा राहिला तर पक तरी लागेल नाहीतर माणूस तरी. त्याला खेळाडूंच्याच वेगानं, कधी उलटं, स्केटिंग करत राहायचं असतं. खेळाडू मिनिटभर खेळून बाकावर जाऊन बसतो, दुसरा उतरतो. रेफ्रीला बदली नाही. ६०च्या ६० मिनिटं तोच.

म्हणून मला वाटलं होतं की हे लोक पस्तिशीत संपत असतील. उत्तर अगदी उलटं निघालं.

## २५०० मॅच, एकही खाडा नाही

रे स्कॅपिनेलो. कॅनडातल्या ग्वेल्फ गावचा लाइन्समन. उंचीनं लहानसाच. १९७१ मध्ये एनएचएलमध्ये आला आणि २००४ मध्ये थांबला. ३३ सीझन. नियमित सीझनच्या २५०० मॅच, शिवाय प्लेऑफच्या ४२६. स्टॅनली कपची फायनल २० वेळा. आणि ज्या गोष्टीसाठी त्याचं नाव आदरानं घेतलं जातं ती ही, की या ३३ वर्षांत त्यानं नियमित सीझनची एकही ठरलेली मॅच चुकवली नाही. थांबला तेव्हा वय ५७. २००८ मध्ये त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

मी आकड्यांचा माणूस, म्हणून गणित केलं. २५०० भागिले ३३, म्हणजे सीझनला साधारण ७६ मॅच. आणि घड्याळाचा खेळ मॅचला एक तास, म्हणजे सगळे मिळून २५०० तास. आपल्या ऑफिसच्या हिशोबानं, आठवड्याला ४० तास धरले, तर ही नोकरी जेमतेम सव्वा वर्षाची भरते! मग ३३ वर्षं कुठे गेली? विमानतळावर, हॉटेलात आणि वाट बघण्यात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं नाव केरी फ्रेझर. रेफ्री. १९८० मध्ये पहिली एनएचएल मॅच, २०१० मध्ये शेवटची. नियमित सीझनच्या १९०४ मॅच. थांबला तेव्हा अठ्ठावन्न पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी होते. तिसरं नाव बिल मॅक्रेरी, हाही ग्वेल्फचाच. १७३७ मॅच, २०११ मध्ये वयाच्या ५५व्या वर्षी निवृत्त, २०१४ मध्ये हॉल ऑफ फेम.

वेन ग्रेट्झकी, ज्याला हॉकीचा सर्वांत मोठा खेळाडू मानतात, तो १९९९ मध्ये ३८व्या वर्षी थांबला. म्हणजे फ्रेझरनं ग्रेट्झकीची एनएचएलमधली जवळजवळ सगळी कारकीर्द शिट्टी तोंडात धरून पाहिली, आणि त्यानंतर आणखी ११ वर्षं काम केलं.

## इतकी वर्षं जमतं कसं?

पहिलं कारण साधं आहे. रेफ्रीला कुणी मुद्दाम धडक देत नाही. खेळाडूचं शरीर कशानं झिजतं? भिंतीवर आपटल्यानं, पक अंगावर झेलल्यानं. रेफ्री स्केटिंग तितकंच करतो, पण मार खाणं हा त्याच्या कामाचा भाग नाही. निदान कागदावर तरी.

दुसरं कारण, हे लोक मुळात उशिरा येतात. एनएचएलमध्ये कुणी थेट घेत नाही. आधी गावातली पोरांची हॉकी, मग ज्युनिअर, मग छोट्या लीग, मग एएचएल, म्हणजे एनएचएलच्या खालची पायरी. तिथे वर्षानुवर्षं घासल्यावर वरचं बोलावणं येतं. आजचा सगळ्यात ओळखीचा रेफ्री वेस मॅकॉली घ्या, खेळाडूला शिक्षा जाहीर करतानाच्या नाटकी पॉझमुळे ज्याच्या रील्स फिरतात तो. तो आधी स्वतः खेळाडू होता. रेफ्री म्हणून त्याची पहिली एनएचएल मॅच जानेवारी २००३ मधली, वय ३१. बरेच खेळाडू त्या वयात शेवटचा करार शोधत असतात, आणि याची नोकरी तेव्हा सुरू झाली.

२०१४ पासून एनएचएल बफेलोमध्ये एक शिबिरही भरवते. कॉलेजात किंवा छोट्या लीगमध्ये खेळलेल्या लोकांना बोलावून विचारतात, खेळ संपला, पण बर्फ सोडायचा नसेल तर रेफ्री होणार का? मला ही कल्पना आवडली. कारण स्केटिंग शिकवायला वीस वर्षं लागतात, नियम त्यापेक्षा लवकर शिकवता येतात.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. या कामात अनुभव साठत जातो. पाय दरवर्षी थोडे मंदावतात, पण पक कुठे जाणार, कोणता खेळाडू आत्ता चिडलाय, कोणता कोच नुसता नाटक करतोय, हे डोळ्याला आधी कळायला लागतं. तरुण रेफ्री पकच्या मागे धावतो, जुना रेफ्री पक जिथे येणार तिथे आधीच असतो. कमी धावून जास्त दिसतं.

आमच्याकडे नाही का, प्रोडक्शनला आग लागली की नवीन पोरं दहा खिडक्या उघडतात, आणि एखादा जुना माणूस चहाचा कप हातात धरून म्हणतो, "डिस्क भरली असेल, बघ." तसंच.

आणि चौथं कारण म्हणजे नियमातला एक बदल. पूर्वी बर्फावर रेफ्री एकच असायचा. १९९८-९९ मध्ये दोन रेफ्रींचा प्रयोग सुरू झाला आणि २०००-०१ पासून सगळ्या मॅचना दोन रेफ्री आले. बदल केला तो नजरेआड होणारे फाउल पकडायला. पण त्यातून एकेका माणसाची धावपळही वाटली गेली. दुसऱ्या बाजूनं, २००४-०५ चा सीझन मालक-खेळाडू वादात पूर्ण रद्द झाला आणि त्यानंतर अडवाअडवीवर कडक शिक्षा आली, लांब पासची मोकळीक मिळाली. खेळ वेगवान झाला. म्हणजे एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. फ्रेझर आणि मॅक्रेरी यांच्या पिढीला पन्नाशीत हा नवा वेग गाठावा लागला, आणि त्यांनी तो गाठला.

## मग थांबवतं कोण?

इथे मी जरा हळू बोलणार आहे.

निवृत्तीचे दोन प्रकार असतात. एक, जो तुम्ही ठरवता. दुसरा, जो एखाद्या मंगळवारी रात्री अचानक तुमच्यावर येऊन आदळतो.

९ फेब्रुवारी २००८. फिलाडेल्फिया. पॅट डॅपुझो नावाचा लाइन्समन, वीसहून जास्त वर्षांचा अनुभव. एका धडकेत खेळाडू उलटा झाला, त्याचा पाय वर उडाला आणि स्केटचं पातं डॅपुझोच्या चेहऱ्यावर बसलं. चेहऱ्याची हाडं मोडली, नाक जवळजवळ तुटलं. कुणाचाही हेतू नव्हता, निव्वळ अपघात. डॅपुझो पुन्हा लाइन्समन म्हणून उतरू शकला नाही. पुढे तो टोरंटो मेपल लीफ्ससाठी खेळाडू शोधणारा स्काउट झाला.

२७ जानेवारी २०१६. कॅलगरी. लाइन्समन डॉन हेंडरसन. डेनिस वाइडमन हा खेळाडू बाकाकडे परतत होता, आणि जाता जाता त्यानं हेंडरसनला काठीनं पाठीमागून ढकललं. वाइडमनचं म्हणणं असं की त्याला स्वतःलाच क्षणभर आधी जोराचा मार बसला होता, तो भानावर नव्हता. लीगनं त्याच्यावर २० सामन्यांची बंदी घातली, पुढे लवादानं ती १० वर आणली. हेंडरसननं ती मॅच पूर्ण केली, हे विशेष. पण डोक्याला आणि मानेला दुखापत झाली होती, मानेवर शस्त्रक्रिया झाली, आणि तो एनएचएलच्या बर्फावर पुन्हा कधीच दिसला नाही.

खेळाडूला शिक्षा किती, २० की १०, यावर महिनोन् महिने चर्चा झाली. लाइन्समनच्या बाजूला मात्र आकडा एकच होता. शून्य मॅच.

आणि वेस मॅकॉलीचं सांगितलं ना मघाशी? त्याचे वडील जॉन मॅकॉली, तेही एनएचएल रेफ्री. १९७९ मध्ये एका मॅचनंतर एका माणसानं त्यांना डोळ्यावर ठोसा मारला. बर्फावर नाही, बाहेर. डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांची रेफ्रीची कारकीर्द अकाली संपली. ते नंतर रेफ्रींचे प्रमुख झाले आणि १९८९ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीच गेले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्यानं तरीही शिट्टी उचलली. का उचलली, याचा मी बराच वेळ विचार करत होतो.

हेल्मेटचंही असंच. आज तुम्हाला सगळे पंच हेल्मेटमध्ये दिसतील. पण अँडी व्हॅन हेलेमंड या रेफ्रीनं १९८४ मध्ये ते पहिल्यांदा घातलं, तोवर डोकं उघडंच असायचं. पुढे नव्या लोकांना सक्ती झाली, जुन्यांना सूट होती. २००६-०७ पासून सगळ्यांनाच घालावं लागलं. केरी फ्रेझर हा न घालणाऱ्या शेवटच्या काहींपैकी एक. त्याचे ते स्प्रे मारून बसवलेले केस हॉकीप्रेमींमध्ये इतके प्रसिद्ध होते की हेल्मेट आल्यावर चर्चा डोक्याच्या सुरक्षेची कमी आणि केसांची जास्त झाली. आपल्याकडे हेल्मेटसक्ती आली की होते तशीच.

## न दिसणारी झीज

आता ते ३३ वर्षांचं कोडं. वेळ कुठे जातो?

एनएचएलमध्ये प्रत्येक संघ नियमित सीझनमध्ये ८२ सामने खेळायचा, त्यातले ४१ घरच्या मैदानावर. म्हणजे खेळाडू निदान अर्ध्या रात्री स्वतःच्या पलंगावर झोपतो. पंचाला घरचं मैदान नसतं. सीझनला सत्तरच्या वर मॅच, आणि जवळजवळ प्रत्येक मॅच म्हणजे प्रवास. संघ खास विमानानं जातात. पंच तुमच्या-आमच्यासारखे तिकीट काढून, रांगेत उभे राहून, फ्लाइट रद्द झाली तर दुसरी शोधत जातात. ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे नेमकं बर्फाचे वादळी दिवस.

त्यात भर परीक्षेची. प्रत्येक मॅच कुणीतरी बघत असतं, गुण देत असतं. प्लेऑफच्या पहिल्या फेरीला साधारण २० रेफ्री आणि २० लाइन्समन निवडतात, आणि फेरीगणिक गाळत गाळत फायनलला चार-चारच उरतात. म्हणजे दरवर्षी एप्रिलमध्ये या लोकांचं अप्रेझल होतं, आणि निकाल अख्ख्या देशाला टीव्हीवर दिसतो. तुमचं नाव नाही, म्हणजे नाही. आपलं अप्रेझल निदान बंद खोलीत तरी होतं.

आणि चूक? चूक निवृत्त होत नाही.

२७ मे १९९३. टोरंटो विरुद्ध लॉस एंजलिस, उपांत्य मालिकेची सहावी मॅच. टोरंटो जिंकलं असतं तर थेट फायनलला. ओव्हरटाइममध्ये ग्रेट्झकीची काठी टोरंटोच्या डग गिलमोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं. नियमानं ग्रेट्झकी बाहेर जायला हवा होता. रेफ्री केरी फ्रेझर. त्याला ते दिसलं नव्हतं. त्यानं दोन्ही लाइन्समनना विचारलं, त्यांनीही पाहिलं नव्हतं. जे दिसलं नाही त्याची शिक्षा कशी देणार? शिट्टी वाजली नाही. थोड्याच वेळात त्याच ग्रेट्झकीनं गोल मारून मॅच जिंकली, आणि पुढची सातवी मॅचही लॉस एंजलिसनं घेतली.

मी क्लायंटच्या कॉलवर फ्रेझरचं नाव काढलं तेव्हा पलीकडचा एक शांत, सज्जन, पन्नाशीचा माणूस एकदम गरम झाला. तीस वर्षं होऊन गेलीत! फ्रेझरनं १९०४ मॅच केल्या. टोरंटोला एकच आठवते. फ्रेझर त्यानंतरही १७ वर्षं बर्फावर उतरत राहिला, टोरंटोमध्येसुद्धा. आणि त्यानं तो प्रसंग कधी लपवला नाही, पुस्तकात, मुलाखतीत मोकळेपणानं सांगितला.

बकनरांचं आठवा. ब्रिस्बेन, २००३, सचिन पायचीत, चेंडू स्टंपच्या कितीतरी वरून जाणारा. पुढे त्यांनी चूक मान्य केली. माणसानं चूक कबूल केली तरी आपण अजून त्यांना सोडलेलं नाही. टोरंटोवाल्यांना हसायचा आपल्याला हक्क नाही.

## एक महिना राहिला होता

आता ज्या गोष्टीनं मला झोपू दिलं नाही ती.

टिम पील. रेफ्री, १९९९ पासून एनएचएलमध्ये, १३०० हून जास्त मॅच. वय ५४. त्याची निवृत्ती ठरलेली होती, २४ एप्रिल २०२१ ला शेवटची मॅच.

या शेवटच्या मॅचचा एक रिवाज आहे. घरचे लोक स्टेडियममध्ये येतात. मोठ्या पडद्यावर नाव झळकतं. आणि मॅच संपल्यावर दोन्ही संघांचे खेळाडू, ज्यांनी आयुष्यभर डोळे वटारले, ते येऊन हात मिळवतात. फ्रेझरची शेवटची मॅच ११ एप्रिल २०१० ला फिलाडेल्फियात झाली, फिलाडेल्फिया विरुद्ध न्यूयॉर्क रेंजर्स, प्लेऑफची जागा त्याच मॅचवर ठरणार होती आणि निकाल शूटआउटमध्ये लागला. निरोप घ्यायचा तर असा.

पीलचं काय झालं? २३ मार्च २०२१, नॅशव्हिल विरुद्ध डेट्रॉइट. नॅशव्हिलच्या खेळाडूला त्यानं एक शिक्षा दिली. नंतर त्याचा माइक चालू राहिला, आणि त्याचं बोलणं टीव्हीवर गेलं. शिवीसकट. मतितार्थ असा की फार काही नव्हतं ते, पण नॅशव्हिलविरुद्ध लवकर एक शिक्षा द्यायचीच होती.

चोवीस तासांच्या आत लीगनं जाहीर केलं, पील यापुढे एनएचएलमध्ये काम करणार नाही. महिनाभर राहिला होता. निरोपाची मॅच झाली नाही. हात मिळवणं झालं नाही.

लीगचं बरोबर होतं का? मला वाटतं, हो. बघा, रेफ्रीकडे विकायला एकच माल असतो: विश्वास. हिशोब बरोबरीत ठेवायला शिक्षा दिली जाते असं एकदा लोकांना वाटलं की संपलंच. पण एक गोष्ट मनात राहते. 'मॅच सांभाळणं', दोन्हीकडे तोल ठेवणं, हे पंच करतात असं खेळाडू, कोच, समालोचक सगळेच वर्षानुवर्षं बोलत आले होते. पीलनं ते शोधून काढलं नव्हतं. त्याचा माइक चालू होता, एवढंच. बावीस वर्षं आणि एक बटण.

आपण रोज मीटिंगमध्ये म्यूट आहोत ना हे तीनदा तपासतो. त्या दिवसापासून मी चारदा तपासतो.

## नंतर काय करतात?

चांगली बातमी ही की बर्फ सुटला तरी खेळ सुटत नाही. काही जण निरीक्षक होतात, स्टेडियममध्ये वर बसून नव्या पंचांना गुण देतात, समजावतात. स्टीफन वॉकम याची गोष्ट मजेदार आहे. रेफ्री होता, २००५ मध्ये सगळ्या पंचांचा प्रमुख झाला, २००९ मध्ये खुर्ची सोडून परत बर्फावर रेफ्री म्हणून उतरला, आणि २०१३ मध्ये पुन्हा प्रमुख! मॅनेजर होऊन परत कोडिंगला आलेला माणूस आमच्या क्षेत्रात मी एकच पाहिलाय, आणि तो सगळ्यात सुखी दिसतो.

फ्रेझर टीव्हीवर नियम समजावून सांगू लागला. डेव्ह जॅक्सन हा रेफ्री २०१८ मध्ये थांबला आणि नंतर ईएसपीएनवर नियमांचा जाणकार म्हणून आला. म्हणजे ज्यांना शिव्या पडायच्या, त्यांनाच आता विचारतात, "हा निर्णय बरोबर की चूक?"

आणि पैसा, सुरक्षा, अटी? त्या आपोआप मिळाल्या नाहीत. पंचांची संघटना १९६९ मध्ये झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांनी १७ दिवस संप केला, लीगनं बदली पंच लावून मॅच चालवल्या. म्हणजे ज्यांच्यावाचून खेळ होत नाही त्यांनाही ते सिद्ध करून दाखवावं लागलं.

## तर, किती वर्षं?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: सगळं सुरळीत गेलं तर तिशीच्या आसपास सुरुवात, आणि पन्नाशी ओलांडल्यावर, पंचावन्नच्या आगेमागे शेवट. वीस-पंचवीस वर्षं. स्कॅपिनेलोसारखा एखादा तेहेतीस. आणि सुरळीत गेलं नाही तर एक स्केटचं पातं, एक धक्का किंवा एक माइक.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. आमच्या ऑफिसात कँटीनमध्ये नेहमीची चर्चा असते, "पस्तिशीनंतर कोडिंग कोण करायला देणार?" एआय आल्यापासून तर पस्तिशीचं तिशीवर आलंय. आणि इकडे माझ्याच वयाची पोरं अमेरिकेत छोट्या गावांत, रिकाम्या स्टेडियममध्ये शिट्टी वाजवत फिरतायत, की तिसाव्या वर्षी वरून बोलावणं येईल. त्यांची सुरुवात व्हायचीय, आणि आम्ही शेवटाची तारीख मोजतोय.

माझे बाबा एसटीत चालक होते. ५८ला रिटायर झाले. विना अपघात २५ वर्षांचा बिल्ला अजून कपाटात आहे, आई दर दिवाळीत पुसून ठेवते. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी त्यांना स्कॅपिनेलोची गोष्ट सांगितली. २५०० मॅच, एकही खाडा नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्याच्या शेवटच्या फेरीला घरचे होते का बरोबर?"

फेरी म्हणाले. मॅच नाही.

मला माहीत नव्हतं. पण मला आठवलं की बाबांच्या शेवटच्या फेरीला मी नव्हतो. माझी कॉलेजची सबमिशन होती. डेपोत हार घातला, पेढे वाटले, फोटो नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मी थम्स-अप टाकला होता.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या ओळखीत या वर्षी कुणी रिटायर होत असेल, शाळेतल्या बाई, बँकेतले काका, सोसायटीचे वॉचमन, कुणीही, तर त्यांच्या शेवटच्या दिवशी तिथे जा. अर्धा तास. बस.

आवडलं तर पुढे पाठवा, नाही आवडलं तरी कमेंटमध्ये सांगा. रेफ्रीपेक्षा जास्त शिव्या पडणार नाहीत एवढी खात्री आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हो, माइक बंद आहे ना बघा!